मनातले दहा सेंटिमीटर

चामराजपुरम, म्हैसूर
रविवार, १५ जून २०२५

चि. सुष्मा हिस,

विद्याश्री मिसचा आशीर्वाद. तुझा पत्ता शाळेच्या टी.सी.च्या रजिस्टरातून काढला. हासनला आत्याकडे राहतेस, कॉमर्स घेतलंस, एवढं ऑफिसात कळलं. तू कशी आहेस ते रजिस्टरात नसतं.

परवा नववीच्या मुलांना घेऊन बेळगोळला एक कारखाना बघायला गेले होते. गेटवर वहीत नावं लिहून घेणारे वॉचमन मला बघून उठले. टेबलाचा कोपरा धरून, कंबर एका बाजूला झुकवून. "नमस्कार, मिस," म्हणाले. मराठीत. तेव्हा कळलं की ते तुझे अप्पा आहेत.

"एकूण मुलं किती?" त्यांनी विचारलं.

"चव्वेचाळीस," मी म्हटलं आणि सही केली. बस्स, एवढंच. संध्याकाळी परत निघताना त्यांची पाळी संपली होती. बसमध्ये मुलं मोजायची होती, माझी मोजणी तीनदा चुकली.

त्या दिवसाबद्दल तुला लिहायचं बरेच दिवस मनात होतं. तुला आठवत असेलच. ऑगस्ट २०२२, नववी ब. मुक्त पतनाचा धडा. मुलांना समीकरणांचा कंटाळा येतो म्हणून मी सिनेमाचे तुकडे दाखवून शिकवायला लागले होते. गाडी हवेत उडते ती खरंच उडेल का, गोळी लागलेला माणूस मागे फेकला जातो ते बरोबर का चूक. तुम्हा मुलांना ते किती आवडायचं! तू तर घरी बघितलेल्या सिनेमातल्या चुका वहीत लिहून आणायचीस आणि व्हरांड्यात मला गाठून मराठीत सांगायचीस, कारण सगळ्या शाळेत मराठी बोलणाऱ्या आपण दोघीच.

त्या दिवशी मी तो गिरणीच्या गच्चीवरून गवताच्या लॉरीत उडी मारायचा तुकडा लावला. उंची बारा मीटर धरली. लॉरीत पडल्यावर शरीर दहा सेंटिमीटरमध्ये थांबतं असं धरलं. बारा भागिले शून्य पूर्णांक एक, एकशेवीस. म्हणजे वजनाच्या एकशेवीस पट धक्का. मी म्हटलं, "अशी उडी कोणी मारलेलीच नाही. ही सगळी वायर आणि कॉम्प्युटर. खरंच मारली असती तर त्याच्या तेराव्याचं जेवण जेवून आलो असतो आपण." वर्ग हसला. शशांक सर मागे उभे राहून आपल्या यूट्यूब चॅनेलसाठी व्हिडिओ घेत होते.

आणि तू उभी राहिलीस. "मिस, ती उडी खरी आहे. तो हीरो नाही, त्याच्या जागी उडी मारणारा डूप आहे. माझे अप्पा आहेत."

मी कन्नडात म्हटलं, "सुळ्ळु हेळबेडम्मा." खोटं बोलू नकोस बाई. वर आणखी म्हटलं, "घरी जाऊन अप्पांना विचारून ये, मेले कसे नाहीत ते."

तो सगळा तास मी कन्नडातच घेत होते, म्हणून ते कन्नडात आलं. मला खरंच वाटलं होतं की तू गंमत करतेस. तुझे अप्पा खरोखरच ते होते हे मला नंतर कळलं. कसं, ते असो. तोवर तू शाळा सोडली होतीस.

जमलं तर दोन ओळी लिही.

तुझी,
विद्याश्री मिस


चामराजपुरम
रविवार, ६ जुलै २०२५

चि. सुष्मा,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरून चालले होते, हीच माझी सवय. काहीतरी धरायचं आणि पुढे जायचं.

"कसं, ते असो" असं मी मागच्या पत्रात लिहिलं. टपालात टाकल्यापासून ते तीन शब्द मला टोचत आहेत. "तोवर तू शाळा सोडली होतीस" हेही खरं नाही.

तुझे अप्पा शाळेत आले होते. तू शाळा सोडण्याच्या सात-आठ महिने आधी. त्या तासानंतरच्या शनिवारी, अर्धी शाळा सुटल्यावर. हे तुला ठाऊक नाही, कारण त्यांनी मला बजावून सांगितलं होतं, "पोरीला कळू देऊ नका मी आलतो म्हणून."

तोवर तो व्हिडिओ चार लाख लोकांनी बघितला होता. तुझा चेहरा धूसर करायला मी शशांक सरांना सांगितलं होतं. केला की नाही ते मी पाहिलं नाही. पहिल्या दिवशी पाहिलं असतं तर दिसलं असतं, कारण नंतर दिसलंच, चेहरा स्पष्ट होता. मुलं तुला "एकशेवीस" म्हणायला लागली. तू जिन्यातून उतरायला लागलीस की वरून कोणीतरी ओरडायचं, "ए एकशेवीस, सावकाश!" एकदा ते मी स्वतः ऐकलं. हातात वह्यांचा गठ्ठा होता. मी स्टाफरूममध्ये गेले.

तर तुझे अप्पा आले. प्रयोगशाळेत बसायला स्टूलच होते. ते म्हणाले, "मला स्टुलावर जमत नाही, मी उभाच बरा." त्यांनी एक पिवळा लिफाफा आणला होता. त्यात कंबरेचा एक्स-रे आणि एक फोटो. फोटोत तीच गच्ची, तीच लॉरी, हीरोचा तोच लाल शर्ट आणि त्या शर्टात तुझे अप्पा, हसणारे, तरुण.

"मिस," ते म्हणाले, "आमचे आजे-पणजे महाराजांच्या घोडदळात. मला घोडा येत होता म्हणून सिनेमाच्या फाइट मास्टरांनी फायटिंगमध्ये घेतलं. पडायचंच काम. लोकांना वाटतं हीरो पडला. ते चालतं आम्हाला. पण पोरगी खोटी पडली ते चालत नाही."

"मी व्हिडिओ काढून टाकायला सांगते," मी म्हटलं.

"व्हिडिओ राहू दे. फक्त वर्गात एकदा सांगा, ती खोटं बोलली नव्हती म्हणून. तेवढं पुरे."

"सोमवारी सांगते," मी म्हटलं. त्यांनी हात जोडले. मीही जोडले.

सोमवारी मला तास अर्धाच मिळाला. मंगळवारी सोसले गावच्या मठात पूजा होती, घरातल्या सगळ्यांना जावं लागलं. बुधवारी शाळेत पाहुणे आले. मग घटक चाचणी, मग दसऱ्याची सुट्टी. असं करत करत राहून गेलं, सुष्मा.

मी वाईट मनाने केलं नाही, एवढं तरी समजून घे.

विद्याश्री मिस


चामराजपुरम
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

सुष्मा,

आज चिरंजीव वगैरे लिहीत नाही. मागचं पत्र मी टाकलं आणि पोस्टाच्या पायऱ्या उतरता उतरता मला लाज वाटली. "राहून गेलं" म्हणे. राहून कसं जाईल?

सोमवारी मला पूर्ण तास मिळाला होता. चाळीस मिनिटं. मी ध्वनीचा धडा घेतला. तू त्या दिवशी पहिल्या बाकावर येऊन बसली होतीस. तू नेहमी तिसऱ्या बाकावर, खिडकीपाशी बसायचीस. मला ते दिसलं आणि मी फळ्याकडे तोंड केलं ते घंटा होईपर्यंत.

मंगळवारी सोसले गावी पूजा होती हे खरं, पण सगळ्यांना जावंच लागलं हे खोटं. घरातले जाणारच होते, मी शाळेचं कारण सांगून राहू शकले असते. आदल्या रात्री मीच म्हटलं, मीही येते.

बुधवारी आलेले पाहुणे कोण ते तुला माहीत आहे. जिल्ह्याची समिती. शिक्षक पुरस्कारासाठी माझं नाव गेलं होतं, त्या व्हिडिओमुळेच गेलं होतं. हेडमिस्ट्रेस कमलाक्षी मॅडम मला शनिवारीच म्हणाल्या होत्या, "विद्याश्री, तो लॉरीचा धडाच परत घ्या. त्यांना तोच बघायचाय." मी त्यांना सांगायला हवं होतं की त्या धड्यातलं एक गृहीतक चुकलंय आणि एका मुलीला मी खोटं पाडलंय. मी म्हटलं, "हो मॅडम."

आणि तो धडा मी परत घेतला. नववी अ मध्ये, तुझ्या वर्गात नाही. तोच तुकडा, तेच एकशेवीस, तोच तेराव्याच्या जेवणाचा विनोद. त्या वेळी तुझ्या अप्पांचा फोटो मी पाहिलेला होता. आधी जे झालं ते अज्ञान होतं म्हणता येईल. बुधवारी जे केलं त्याला दुसरा शब्द आहे, आणि तो शब्द मी तुझ्यासाठी वापरला होता.

पुरस्कार मिळाला. शाल हिरवी होती. एप्रिलमध्ये तुझ्या टी.सी.च्या अर्जावर वर्गशिक्षिका म्हणून माझी सही लागली. कारणाच्या रकान्यात तू "घरगुती" लिहिलं होतंस. मी सही केली.

आता हे सगळं तुला कळलं. हे कळून तुला काय मिळणार ते मला माहीत नाही. माझं मन हलकं व्हावं म्हणून लिहीत असेन तर तेही एक प्रकारे तुझ्याकडून घेणंच झालं. तरी लिहिलं.

विद्याश्री


चामराजपुरम
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

सुष्मा,

मागच्या रविवारी तुमच्या घरी गेले होते. तुला न विचारता गेले. तुझ्या आजी, गोदावरीबाई, दारातच म्हणाल्या, "तुम्हीच का त्या मिस?" मी हो म्हटलं. त्यांनी मला आत घेतलं, कॉफी दिली आणि माझ्यासमोर न बसता आत निघून गेल्या.

तुझ्या अप्पांना मी म्हटलं, "त्या वेळी मी दहा सेंटिमीटर धरले होते. मनातूनच. तुम्हाला विचारायला हवं होतं. आता विचारते. लॉरीत काय होतं?"

मग त्यांनी टीपॉयवरची कॉफीची भांडी बाजूला केली.

"नोडी, बघा मिस, गवत नुसतं वर, दिसायला. खाली रिकामे खोके. टीव्हीचे, फळांचे, मिळतील ते. तीन थर, पाच फूट. दोरी बांधायची नाही, टेप लावायचा नाही. खोका मोडतो म्हणून माणूस मोडत नाही. अष्टे, इतकंच."

पाच फूट म्हणजे दीड मीटर. मी पर्समधून बिल काढून त्याच्या मागे मांडलं. बारा भागिले दीड, आठ. आठ पट, आणि तेही निमिषभर. तयारीचा माणूस पाठीवर पडला तर उठून चालायला लागेल. म्हणजे माझ्या गणितात समीकरण बरोबर होतं, उत्तर बरोबर होतं, आणि तो माणूस जिवंत माझ्यासमोर बसला होता.

"मग ही कंबर?" मी विचारलं.

"ती तिसऱ्या उडीला. पहिली बरोबर झाली. दुसरी मारली कारण कॅमेऱ्यापुढे धूळ आली म्हणाले. तिसरीला खोके चेपलेले होते. बदलायला अर्धा तास लागला असता. डायरेक्टर म्हणाले, ऊन चाललं. मास्टर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, मारतो."

"चेपलेत हे दिसत होतं ना तुम्हाला?"

"दिसत होतं की."

"मग का म्हणालात?"

"ते अजून कळत नाही, मिस. सगळे बघत होते. सुष्मा तेव्हा वर्षाची होती."

"आणि सिनेमात कुठली उडी घेतली?"

"पहिलीच," ते म्हणाले, आणि हसले. मला हसता आलं नाही.

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. "मी तुम्हाला एकच गोष्ट सांगितली होती. ती तुम्ही केली नाही. आता माझ्याकडे मागून काय होणार?"

मी विचारलं, आमच्या नववीला येऊन ही उडी शिकवाल का? खोके घेऊन? ते म्हणाले, "पोरीला विचारा. ती हो म्हणाली तर येतो."

म्हणून विचारते. नाही म्हणालीस तर पुन्हा हा विषय काढणार नाही.

विद्याश्री


हासन
५-९-२५

मिस,

आज टीचर्स डे म्हणून लिहीत नाही. तुमची चार लेटर आली. मी सगळी वाचली. माझं मराठी लिहायला बरोबर येत नाही, घरी बोलतो तसं लिहिते.

तुम्ही लिहिलं की अप्पा शाळेला आले ते मला ठाऊक नाही. मला ठाऊक होतं. मीच आणलं त्यांना. त्यांना एकट्याला बस चढायला होत नाही. मी गेटच्या बाहेर झेरॉक्सच्या दुकानात थांबले. अप्पा बाहेर आले, त्यांचा चेहरा किती खूश होता. म्हणाले, सोमवारी मिस सांगणार, बहुत चांगल्या बाई आहेत.

म्हणून मी सोमवारी पहिल्या बेंचवर बसले. मला वाटलं सांगताना तुम्ही मला बोलवाल पुढे. यायला जवळ पडेल म्हणून.

अप्पांनी संध्याकाळी विचारलं, सांगितलं का. मी म्हटलं, हो सांगितलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे मिस, खोटं मी त्या दिवशी बोलले. त्याच्या आधी नाही. आता तुम्ही लिहिलं की अप्पाच म्हणाले, तुम्ही सांगितलं नाही म्हणून. मला फोनवर अप्पा काही बोलले नाहीत. त्यांना आधीच कळलं होतं का, ते मला विचारायला होत नाही.

कॉमर्स मला आवडतं. तुमच्यामुळे घेतलं असं समजू नका. थोडं तुमच्यामुळे.

मला सॉरी लिहू नका. आमच्या क्लासला लिहा. ३८ जण होते. ग्रुप अजून आहे, मी त्यात नाही.

अप्पांना शाळेला नेणार तर न्या. पाठ असलेली खुर्ची द्या. ते मागणार नाहीत.

सुष्मा


चामराजपुरम
रविवार, २१ सप्टेंबर २०२५

सुष्मा,

तुझं पत्र आलं. त्यावर मी काही लिहिणार नाही, लिहायला जागा नाही. काय केलं ते फक्त कळवते.

तुझ्या वर्गातल्या अडतीसपैकी तेहतीस जणांचे नंबर मिळाले. ग्रुपवर एकदाच टाकून मोकळं होणं सोपं होतं, म्हणून तसं केलं नाही. प्रत्येकाला वेगळं लिहिलं. सुष्मा खरं बोलली होती. त्या शनिवारपासून मला ते माहीत होतं. मी सांगितलं नाही, कारण मला पुरस्कार हवा होता. इतकंच, कन्नडात, कारण खोटंही कन्नडातच बोलले होते. समितीलाही हेच कळवलं आहे, आणि शाल व पत्र कमलाक्षी मॅडमच्या टेबलावर ठेवून आले. त्या म्हणाल्या, "तीन वर्षांनी हे कशाला?"

अकरा जणांचं उत्तर आलं. कोणी अंगठा पाठवला, कोणी "ओके मिस". विद्याश्री नावाची माझीच नावबहीण होती बघ तुझ्या वर्गात, तिने लिहिलं की ती तुला फोन करणार आहे. केला असेल तर बरं. श्रीनिधीचं उत्तर मात्र जसंच्या तसं सांगते. "मिस, आम्हाला माहीत होतं. तिने दुसऱ्याच दिवशी तो लाल शर्टाचा फोटो आणून दाखवला होता. आम्ही दहा-बारा जणांनी बघितला. पण तुम्ही खोटं म्हणाला होता ना. म्हणून आम्ही पण खोटं म्हणालो."

मी हा मेसेज स्टाफरूममध्ये वाचला. फोटो बघूनही, सुष्मा. हातात धरून. मी वर्षभर त्या मुलांना शिकवत होते की डोळ्यांना दिसतं ते पडताळून पाहा, कोणी सांगितलं म्हणून मानू नका. आणि फोटोपुढे त्यांनी माझा शब्द मानला.

परवा शुक्रवारी, दसऱ्याच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी, तुझे अप्पा आले. मी रिक्षा घेऊन आणायला गेले होते. खुर्ची दिली, ते बसले. मुलांनी बाजारातून बावीस खोके जमवले होते. अप्पांनी ते स्वतः रचायला लावले, "टेप काढा, टेप काढा" करत. मग नारळ वरच्या मजल्यावरून टाकले. एक नुसत्या फरशीवर, एक चेपलेल्या खोक्यांवर, एक नव्या खोक्यांवर. तिसरा नारळ फुटला नाही. मुलांनी जो गलका केला तो ऑफिसपर्यंत गेला.

मग मी मुलांना तो जुना व्हिडिओ दाखवला. पूर्ण. माझा विनोद, तुझं उभं राहणं, माझं कन्नड वाक्य. हसायला सुरुवात केली होती काहींनी, ती आपोआप थांबली. मी सांगितलं, ही मुलगी खरं बोलत होती आणि हे तिचे वडील. पुढचंही सांगितलं, पुरस्कारापर्यंतचं.

मधल्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. "मिस, तुम्ही त्या अक्कांना सॉरी म्हटलं?"

"पत्रं लिहिली."

"मग त्यांनी माफ केलं?"

"नाही," मी म्हटलं.

मला वाटलं, तुझे अप्पा काहीतरी म्हणतील. मोठी माणसं अशा वेळी म्हणतात, झालं गेलं, आता राहू द्या. मी तशा आशेनेच त्यांच्याकडे बघितलं असेन. ते खुर्चीत बसून होते, हात मांडीवर, नजर त्या मुलीवर. त्यांनी मला सोडवलं नाही.

मग ते त्या मुलीला म्हणाले, "चांगला प्रश्न विचारलास. बस."

तिच्या पाठोपाठ आणखी तीन हात वर झाले. सगळे प्रश्न मलाच होते. घंटा होईपर्यंत मी उत्तरं देत उभी होते.

विद्याश्री